दोषाचा वाटा

हृदय आलं पांढऱ्या बादलीत, फॉर्मलिनमध्ये बुडालेलं.
झाकणावर दोन सील: एक रुग्णालयाचं, एक घरच्यांचं,
कारण त्यांचा एकमेकांवर विश्वास नव्हता,
आणि माझ्यावर दोघांचा मिळून जेमतेम.

गेंग शौई. वय एकसष्ट.
यांगत्सेवर वाळूच्या बार्जचं सुकाणू धरायचा.
मिट्रल झडप बदलली फेब्रुवारीत.
गेला जूनच्या अकराला, भाताचा वाडगा हातात असताना.
वाडगा फुटला नाही, असं मुलाने जबाबात दोनदा सांगितलंय.

मुलगा म्हणतो, टाका सुटला.
तीन दिवस तो रुग्णालयाच्या दारात पांढरं कापड धरून उभा होता.
डॉक्टर लियाओ म्हणतात, ठोके बिघडले, असं होतं कधी कधी.
दोघेही आज काचेपलीकडे उभे आहेत,
मध्ये एक खुर्ची, रिकामी.

वजन पाचशे चाळीस ग्रॅम.
टाके मोजले. चौदा.
चौदाच्या चौदा जागेवर, गाठी अशा
की रजई शिवताना माझ्या आईलाही जमल्या नसत्या.
मी मान वर केली नाही, पण काचेपलीकडे
कुणीतरी श्वास सोडला, हे मला कळलं.
कुणी, तेही कळलं.

मग झडप.
कार्बनच्या दोन काळ्या पाकळ्या. एक उघडते, एक नाही.
बिजागरीत गुठळी, करडी-तांबूस, थरावर थर.
एका रात्रीत जमत नाही अशी. चार दिवस, कदाचित पाच.

च्यू फंगयिंगला मी आधी फक्त तारखा विचारल्या होत्या.
त्या दिवशी विचारलं, रात्री कशा जायच्या?
ती म्हणाली, घड्याळ गिळल्यासारखा टिकटिकायचा माणूस.
पहिले दोन महिने माझा डोळा लागला नाही,
मध्ये उशी ठेवायचे, त्याला राग यायचा.
शेवटी शेवटी आवाज मऊ झाला.
मला वाटलं, अंगाने आपलंसं केलं त्याला.
चार रात्री मी इतकी छान झोपले, डॉक्टर,
इतकी छान.

मी पाणी मागवलं. तिच्यासाठी, असं म्हणाले.

घरी सोडतानाचा कागद तिने पिशवीत जपून आणला होता.
बारीक अक्षर, सहा ओळी.
रक्त पातळ करणारी गोळी, संध्याकाळी.
तपासणी दर महिन्याला.
आहार संतुलित ठेवावा.
आवाज मंदावला तर या, हे कुठेही नाही.
मार्चची तपासणी झाली, एप्रिलची झाली.
मेमध्ये बार्ज सुरू झाली, आणि बार्जवर
दवाखाना लागतो तो पुढच्या धक्क्याला.
शिवाय ती त्याला ताकद यावी म्हणून
रताळ्याचा पाला घालायची, लसणीवर परतून, रोज, मोठी वाटी भरून.

आमच्या नमुन्यात चौकटी आहेत:
पूर्ण, मुख्य, समान, दुय्यम, किरकोळ, काहीच नाही.
एकीवर खूण करायची. रुग्णालयाचा दोष किती.
उरलेल्याचं काय करायचं ते नमुना विचारत नाही.

पेन्सिलीने 'दुय्यम' केलं. जेवून आले.
पेनाने 'समान'.

जिन्यात लियाओ भेटले. इतकंच विचारलं,
टाके चांगले होते ना?
हो, मी म्हणाले. फार चांगले होते.
ते जिना उतरत राहिले, कठड्याला धरून.

झडप धुतली. खटला संपेपर्यंत ती आमच्या कपाटात राहील.
पिशवीत घालण्याआधी चिमट्याने पाकळी हलवून पाहिली,
नियमात बसतं ते.
टिक.
इतका लहान आवाज, आणि त्यावर कुणाची तरी झोप अवलंबून.

अहवाल घ्यायला ती एकटीच आली.
सही केली, सावकाश, एकेक रेघ जागेवर.
मग विचारलं, पाल्यामुळे का?

मी म्हणाले, अहवालात पाला कुठेच नाही.

खोटं नव्हतं ते.
अहवालात मी 'के जीवनसत्त्व' लिहिलं होतं.